बॅकअप सर्व्हर नव्या यंत्रावर हलवताना

बॅकअप सर्व्हर हलवणे म्हणजे फायली एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर नेणे, असे समजून कामाला हात घातला की पहिल्या एक-दोन दिवसांतच ते काम अडते. या सर्व्हरवर फायलींबरोबर त्यांचा इतिहासही साठवलेला असतो. मागच्या मंगळवारी ही फाईल कशी होती, हे सांगता येणे हेच त्याचे खरे काम आहे आणि स्थलांतरानंतर ते पूर्वीसारखेच सांगता आले पाहिजे. येथे लिनक्सवर आरस्नॅपशॉट या बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमने चालणारा सर्व्हर गृहीत धरला आहे, कारण माझा बहुतेक अनुभव त्याच मांडणीचा आहे.

आरस्नॅपशॉट दर रात्री संपूर्ण माहितीची एक नवी प्रत तयार झाल्यासारखे दाखवतो, परंतु जी फाईल बदललेली नाही तिची दुसरी प्रत तो करत नाही. डिस्कवरच्या त्याच मजकुराला तो आणखी एक नाव देतो, आणि यालाच हार्ड लिंक म्हणतात. त्यामुळे ४३० जीबी माहितीच्या ४० रात्रींच्या प्रती ९०० जीबीमध्ये सहज मावतात. हीच डिस्क साध्या पद्धतीने नकलली, तर प्रत्येक नाव स्वतंत्र फाईल म्हणून उतरते आणि तीच माहिती १७ टीबीपर्यंत फुगते. एका कार्यालयाचा सर्व्हर हलवताना मी स्वतः ही चूक केली आहे. नवी ८ टीबीची डिस्क तिसऱ्या दिवशी भरून बंद पडली, तेव्हा जुन्या प्रतींपैकी निम्म्यासुद्धा उतरल्या नव्हत्या.

म्हणून आरसिंक हा फायली नकलणारा प्रोग्रॅम वापरताना हार्ड लिंक जपणारा मोठ्या एचचा (-H) पर्याय स्वतंत्रपणे द्यावा लागतो. नेहमीच्या छोटा ए (-a) या पर्यायात तो येत नाही, आणि एसीएल (फाईलवरच्या तपशीलवार परवानग्या) व विस्तारित गुणधर्म (फाईलला जोडलेली जादा माहिती) जपणारे मोठा ए (-A) आणि मोठा एक्स (-X) हे पर्यायही त्यात नसतात. याशिवाय मालकी आकड्यांनीच नेण्याचा पर्याय अवश्य द्यावा, अन्यथा दोन्ही यंत्रांवर एकाच वापरकर्त्याला वेगवेगळे क्रमांक असतील तर आरसिंक नावे जुळवत बसतो आणि मूळ मालकी बिघडते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकाच फेरीत ज्या फायली येतात त्यांच्यामधल्याच लिंका आरसिंक ओळखू शकतो. आरस्नॅपशॉटच्या रोजच्या प्रतींच्या फोल्डरांना डेली.० (सर्वांत ताजी), डेली.१ अशी नावे असतात. त्यामुळे ‘आज डेली.०, उद्या डेली.१’ असे हप्ते पाडू नयेत, सर्व प्रती ज्या फोल्डरमध्ये आहेत तो पूर्ण फोल्डर एकाच आज्ञेत द्यावा. लाखो लिंका लक्षात ठेवायच्या असल्याने स्मृती भरपूर लागते. जुन्या यंत्रात ती अपुरी असेल, तर डिस्कचे संपूर्ण विभाजन डीडी या डिस्क नकलणाऱ्या आज्ञेने जसेच्या तसे नकलून नंतर फाईलप्रणालीचा आकार वाढवणे अधिक सुरक्षित. त्या वेळी ते विभाजन माउंट केलेले, म्हणजे वापरासाठी जोडलेले, नसावे.

नक्कल सुरू करण्यापूर्वी जुन्या यंत्रावरचे क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामे आपोआप सुरू करणारी सोय, बंद करावे. आरस्नॅपशॉट प्रत्येक फेरीला डेली.० चे नाव डेली.१ करतो, डेली.१ चे डेली.२, आणि अशी सगळी नावे एकेक पायरी सरकतात. नक्कल अर्ध्यावर असताना रात्रीची फेरी झाली, तर नव्या यंत्रावर कोणत्या दिवसाची प्रत कोणती, याचा मेळ लागत नाही. मात्र क्रॉन बंद असेपर्यंत नवीन काम कोठेच जपले जात नाही, म्हणून त्या अवधीत चालू माहितीची एक साधी प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवावी. गिगाबिट जाळ्यावर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे १ टीबीला साधारण अडीच तास. पण हा हिशेब मोठ्या फायलींचा आहे. लाखो लहान फायली आणि लिंका असतील तर काही दिवस धरून चालावे, आणि दोन्ही यंत्रे शेजारी-शेजारी एकाच स्विचला व यूपीएसला जोडावीत.

नव्या डिस्कवर लगेच विश्वास टाकू नये. स्मार्टची, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणी-सोयीची, दीर्घ चाचणी चालवावी (मोठ्या डिस्कला ती अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ घेते) आणि नंतर पुनर्वाटप झालेले (खराब म्हणून बदललेले) व प्रलंबित (खराब असल्याचा संशय असलेले) सेक्टर शून्य आहेत ना, ते पाहावे. शिंगल्ड पद्धतीच्या, म्हणजे एसएमआर, डिस्क येथे टाळाव्यात, कारण दीर्घकाळ सलग लेखन सुरू राहिले की त्यांचा वेग कोसळतो. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाईलप्रणाली वापरायची असेल तर फॉरमॅट करतानाच इनोडची (प्रत्येक फाईल वा फोल्डरची डिस्कवरची नोंद) संख्या ठरवावी, कारण ती त्याच विभाजनावर नंतर वाढवता येत नाही. हार्ड लिंकला नवा इनोड लागत नाही, पण प्रत्येक रात्रीच्या प्रतीत सगळे फोल्डर नव्याने बनतात आणि त्या प्रत्येकाला इनोड लागतो. जुन्या डिस्कवर किती इनोड वापरले गेले आहेत ते आधी पाहून मगच आकडा ठरवावा.

सर्व्हरच ग्राहक यंत्रांकडून (ज्यांचा बॅकअप घेतला जातो त्यांच्याकडून) माहिती ओढत असेल, तर त्याची एसएसएचची, म्हणजे दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीची, खासगी किल्ली त्या सर्व यंत्रांची दारे उघडते. ती ई-मेलने किंवा पेनड्राइव्हवरून फिरवण्यापेक्षा नव्या यंत्रावर नवी किल्ली तयार करावी आणि काम संपल्यावर जुनी सर्व ठिकाणांहून काढावी. ग्राहक यंत्रांवर ठरावीक आयपी पत्त्यावरूनच प्रवेश द्यायचा असे बंधन घातलेले असेल आणि पत्ता बदलणार असेल, तर तेही आधी सुधारावे. याच वेळी पत्राची व्यवस्था तपासावी. नव्या यंत्रावर ई-मेल पाठवणेच मांडलेले नसेल तर अपयशाची सूचना येत नाही, आणि सूचना येत नाही म्हणून सगळे आलबेल आहे असे वाटत राहते. कूटबद्ध डिस्कचा परवलीचा शब्द ज्या सर्व्हरचा बॅकअप घेतला जातो त्याच सर्व्हरवर एकट्याने पडून असेल, तर तो कागदावर लिहून कपाटात ठेवावा.

नक्कल संपली की एकच फाईल डेली.० आणि डेली.५ या दोन्ही ठिकाणी पाहावी. त्या काळात ती बदललेली नसेल तर दोन्हीकडे इनोडचा क्रमांक एकच असला पाहिजे आणि लिंकांची संख्या जुन्या यंत्रावरच्या संख्येइतकी. त्यानंतर आरसिंक चेकसमसह (फायलींचा मजकूर ताडून पाहणारा पर्याय) आणि प्रत्यक्ष काहीही न लिहिता पुन्हा चालवावा. तो काही फरक दाखवतो का, हे शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. मराठी नावांच्या फायलींकडे विशेष लक्ष द्यावे. जुने यंत्र एचएफएस प्लस (मॅकची जुनी फाईलप्रणाली) डिस्कचे मॅक असेल तर ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातला ऱ तेथे र आणि नुक्ता असा दोन तुकड्यांत साठवलेला असतो. लिनक्सवर उतरल्यावर डोळ्यांना नाव तेच दिसते, पण संगणकाला ते वेगळे असते, आणि पुढच्या बॅकअपला तीच फाईल नव्या नावाने दुसऱ्यांदा जमा होते. आरसिंकमध्ये संकेतनाचे रूपांतर करणारा पर्याय आहे, तो अशा वेळी वापरावा.

हे सर्व जुळले तरी पुनर्स्थापना करून पाहिल्याशिवाय स्थलांतर पूर्ण झाले असे मानू नये. तीन आठवड्यांपूर्वीच्या प्रतीतला डेटाबेसचा डंप (त्यातली सगळी माहिती उतरवलेली फाईल) घ्यावा, रिकाम्या यंत्रावर चढवावा आणि त्या दिवशीच्या शेवटच्या पावतीचा क्रमांक कार्यालयातल्या कागदी पावतीपुस्तकाशी ताडून पाहावा. जुळला, तर नव्या यंत्राचे क्रॉन सुरू करावे. जुन्या यंत्राचे क्रॉन मात्र कायमचे काढून टाकावे, कारण दोन्ही सर्व्हर एकाच वेळी एकाच ग्राहकाकडून माहिती ओढू लागले की रात्रीचे काम सकाळी कार्यालय उघडेपर्यंत लांबते.

जुन्या प्रती तीन-चार महिन्यांहून जास्त काळ जपायच्या नसतील, तर मी इतिहास हलवतच नाही. नव्या यंत्रावर कोरी सुरुवात करतो आणि जुने यंत्र केवळ वाचनापुरते ठेवून ती मुदत संपेपर्यंत जपतो. इतिहास हलवला असला तरी जुन्या डिस्क निदान एक महिना तशाच असू द्याव्यात. त्यानंतर त्यांवर यादृच्छिक माहिती एकदा पूर्ण लिहून मगच त्या भंगारात द्याव्यात, कारण त्यांवर कार्यालयाच्या प्रत्येक यंत्राच्या प्रती होत्या.