‘टाइम’चं इटालियन करताना या चुका टाळा

‘टाइम’ दिसला की ‘तेम्पो’ लिहायचं, ही इटालियन शिकताना जवळजवळ प्रत्येकाकडून होणारी चूक. शब्दकोशात तो अर्थ पहिला असतो, म्हणून हात तिकडेच जातो. पण इटालियनमध्ये हे काम मुख्यतः तीन शब्दांत वाटलेलं आहे: तेम्पो, ओरा आणि वोल्ता. कुठला घ्यायचा, हे इंग्रजी वाक्य सांगत नाही. मराठी मात्र बऱ्याचदा सांगते.

आपला ‘वेळ’ दोन लिंगांत चालतो. ‘माझा वेळ गेला’ यातला तो वेळ खर्च होणारा, तिथे तेम्पो. ‘नोन ओ तेम्पो’, मला वेळ नाही. ‘निघायची वेळ झाली’ यातली ती वेळ ठरलेली, घड्याळातली, तिथे ओरा. ‘ए ओरा दि अंदारे’. आणि ‘तीन वेळा’, ‘या वेळी’, ‘पहिल्यांदा’ अशी खेप मोजायची असेल तर वोल्ता: ‘त्रे वोल्ते’, ‘क्वेस्ता वोल्ता’, ‘ला प्रीमा वोल्ता’. म्हणून वाक्य आधी मराठीत म्हणून बघा. मला स्वतःला या एका सवयीचा जितका उपयोग झाला, तितका कुठल्याच तक्त्याचा झाला नाही.

किती वाजले हे विचारताना तेम्पो आणलात, तर समोरचा आभाळाकडे बघेल, कारण तेम्पो म्हणजे हवामानसुद्धा. ‘के तेम्पो फा?’ म्हणजे हवा कशी आहे? वाजले किती, यासाठी ‘के ओरे सोनो?’. उत्तरात एक वाजला असेल तर ‘ए लूना’, तीन वाजले असतील तर ‘सोनो ले त्रे’. आपणही ‘वाजला’ आणि ‘वाजले’ असा फरक करतोच.

औषधाच्या सूचनेत तर फार जपा. ‘गोळी दिवसातून दोन वेळा’ याचं मी एका वहीत ‘दुए तेम्पि’ केलेलं पाहिलंय. इटालियन माणसाला त्यातून फुटबॉलच्या सामन्याचे दोन अर्ध आठवतील. हवं ते ‘दुए वोल्ते अल जोर्नो’.

गाडी वेळेवर असेल तर ‘इन ओरारिओ’, आपण वेळेत पोचलो तर ‘इन तेम्पो’. ‘गुड टाइम’ला यातलं काहीच चालत नाही. मजा आली, असं पुरुष ‘मी सोनो दिवेर्तीतो’ म्हणेल, बाई ‘दिवेर्तीता’.

एका ठिकाणी मात्र मराठीही चकवते. ‘कोणे एके काळी’ ऐकून तेम्पोच सुचतो, पण इटालियन आजी गोष्ट सुरू करते ती ‘चेरा ऊना वोल्ता’ म्हणून.