टोकन काढून बघा: एपीआय गेटवेत राहून गेलेली परवानगी-तपासणी कशी शोधायची

एपीआय गेटवे म्हणजे बाहेरून येणाऱ्या विनंत्या आतल्या सर्व्हिसकडे पोचवणारा दरवाजा. त्याचा डॅशबोर्ड लॉगिन मागतो, म्हणजे आतलं सगळं सुरक्षित आहे, असं धरून चालू नका. गेटवे सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे आणि नव्या सहकाऱ्याला मी पहिल्यांदा अपाची एपिसिक्स या गेटवेच्या डॅशबोर्डचं प्रकरण वाचायला देतो. सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीतला त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२१-४५२३२. त्या डॅशबोर्डचा मॅनेजर एपीआय (मागचा सर्व्हर) गो भाषेतल्या दोन फ्रेमवर्कवर उभा होता: खाली जिन, वर ड्रॉपलेट. लॉगिन तपासणारं मिडलवेअर (प्रत्येक विनंतीआधी चालणारा कोड) ड्रॉपलेटमध्ये होतं, पण काही एन्डपॉइंट, म्हणजे कॉल करता येणारे पत्ते, थेट जिनवर लिहिले गेले होते. त्यामुळे 'मायग्रेट/एक्स्पोर्ट' आणि 'मायग्रेट/इम्पोर्ट' हे दोन्ही टोकन (लॉगिननंतर मिळणारी ओळखचिठ्ठी) नसतानाही चालायचे. एक्स्पोर्टमधून सगळं कॉन्फिगरेशन बाहेर पडायचं. इम्पोर्ट त्याहून वाईट, कारण एपिसिक्सच्या राउटमध्ये, म्हणजे कुठली विनंती कुठे पाठवायची या नियमात, स्क्रिप्ट ठेवता येते. म्हणजे परक्या माणसाला गेटवेवर स्वतःचा कोड चालवायची सोय. २.१०.१ आवृत्तीत हे दुरुस्त झालं.

आता तुमच्याकडे हे कसं तपासाल? काम स्टेजिंगवरच (चाचणीच्या सर्व्हरवरच) करा आणि लेखी परवानगी घेऊन करा. इम्पोर्टसारखी कॉल प्रॉडक्शनवर (खऱ्या वापरातल्या सर्व्हरवर) गेली तर चालू राउट बदलतील.

आधी एन्डपॉइंटची यादी काढा, आणि ती कोडमधूनच काढा. स्वॅगरवर (एपीआयच्या कागदपत्रांवर) विसंबू नका. राहून गेलेले एन्डपॉइंट बहुतेक वेळा तिथेही नसतात. जिन असेल तर राउटरच्या 'राउट्स' फंक्शनमधून नोंदलेले सगळे मार्ग मिळतात. बॅकअप, मायग्रेशन, हेल्थ, डीबग, मेट्रिक्स हे मार्ग आधी बघा. घाईत जोडलेले असतात.

मग प्रत्येक मार्गावर तीनदा कॉल करा: टोकनशिवाय, फक्त वाचायची परवानगी असलेल्या खात्याने, आणि दुसऱ्या टीमच्या खात्याने. टोकनशिवाय ४०१ (ओळख पटलेली नाही) आणि बाकी दोघांना, जिथे अधिकार नाही तिथे, ४०३ (मनाई) यायला हवं. काही ठिकाणी मुद्दाम ४०४ (सापडलं नाही) देतात, तेही ठीक. पण टोकन नसताना ४०० (विनंती चुकीची) आलं तर थांबा. 'नेम हे फील्ड नाही' असं उत्तर आलं, तर सर्व्हरने तुमची बॉडी (विनंतीतला मजकूर) वाचली, म्हणजे तपासणी बहुधा झालेलीच नाही. बॉडी नीट भरून पुन्हा पाठवा. २०० (यशस्वी) आलं तरी उत्तर उघडून वाचा; काही सॉफ्टवेअर २०० देऊन आत एरर लिहितात. विनंतीच्या प्रकारांपैकी गेट आणि पोस्ट तपासून पुट, पॅच, डिलीट सोडून देऊ नका.

दुरुस्ती त्या एकाच हँडलरमध्ये (त्या मार्गाला उत्तर देणाऱ्या फंक्शनमध्ये) 'लॉगिन आहे का' लिहून करू नका. पुढच्या महिन्यात कुणीतरी नवा हँडलर लिहील आणि भोक पुन्हा पडेल. तपासणी सगळ्यात बाहेरच्या राउटरवर बसवा, सरसकट नकार ठेवा आणि उघड्या मार्गांची छोटी यादी वेगळी लिहा. भूमिकेनुसार अधिकार मात्र प्रत्येक मार्गापाशी स्पष्ट लिहावे लागतात. राउटरची यादी फिरवून टोकनशिवाय कॉल करणारी टेस्ट सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासण्यांमध्ये) घाला. उघड्या मार्गांच्या यादीबाहेरचा एखादा जरी मार्ग ४०१ देत नसेल तर बिल्ड पडलंच पाहिजे.

ॲडमिन पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. त्या एपिसिक्स डॅशबोर्डमध्ये 'अलाउ लिस्ट', म्हणजे परवानगी असलेल्या आयपींची यादी, होती. ती रिकामी ठेवली की कुठल्याही आयपीवरून प्रवेश मिळायचा.

त्या डॅशबोर्डची २.१०.१ च्या आधीची आवृत्ती बाहेरून दिसत होती असं आढळलं, तर नुसतं अपग्रेड करून भागत नाही. ॲक्सेस लॉगमध्ये 'मायग्रेट' शोधा, आपण न लिहिलेले राउट आणि स्क्रिप्ट आहेत का ते बघा. लॉगच उरले नसतील तर कॉन्फिगरेशन बाहेर गेलंय असं धरा आणि कन्झ्युमरच्या (एपीआय वापरणाऱ्यांच्या) कीज, डॅशबोर्डचा पासवर्ड, सर्टिफिकेटच्या खाजगी कीज त्याच दिवशी बदला.