मोजणीला बसण्याआधी: संस्थेतल्या सॉफ्टवेअर आणि यंत्रांच्या हिशेबाची तयारी

डिसेंबर २०२१मध्ये ‘लॉगफोरजे’ या जावा लायब्ररीतली (इतर सॉफ्टवेअरमध्ये वापरायच्या तयार कोडमधली) गंभीर त्रुटी उघड झाली. दुरुस्त आवृत्ती लगेच आली, पाठोपाठ आणखी दुरुस्त्याही आल्या. तरी आयटी विभागांची झोप उडाली, कारण ही लायब्ररी आपल्याकडे नेमकी कुठे कुठे आहे हेच अनेकांना सांगता येत नव्हतं. विकत घेतलेल्या कितीतरी सॉफ्टवेअरच्या पोटात ती आयती आलेली होती. मालमत्तेची यादी कशासाठी, असं कुणी विचारलं की मी आधी ही घटना सांगतो. लायसन्सचं ऑडिट, म्हणजे घेतलंय तेवढंच सॉफ्टवेअर वापरता का याची विक्रेत्याकडून होणारी तपासणी, त्यानंतर.

यादीचं काम कुणा एकाच्या नावावर करा. आयटी विभाग बघेल, असं मोघम ठेवलं की कुणीच बघत नाही. हा माणूस वरिष्ठ नसला तरी चालेल, पण खरेदी, लेखा आणि मनुष्यबळ या तिन्ही विभागांकडे कागद मागायचा अधिकार त्याला लेखी मिळालेला हवा.

मग कागद गोळा करा, आणि इथे घाई करू नका. खरेदीचे आदेश, बिलं, करार, लायसन्सची प्रमाणपत्रं, नूतनीकरणाची पत्रं असं सगळं एका जागी आणा. विक्रेत्याच्या पोर्टलवरचं खातं कुणाच्या ईमेलवर उघडलेलं आहे हे आवर्जून तपासा. ते पुष्कळदा केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर निघतं, मग पासवर्ड बदलण्यापासून तयारी असते. अशी खाती विभागाच्या सामाईक ईमेलवर आणून घ्या.

प्रत्येक करारात मोजमाप कसलं आहे ते वाचा: माणसागणिक, यंत्रागणिक की प्रोसेसरच्या कोअरगणिक (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक भाग). विंडोज सर्व्हर २०१६च्या आवृत्तीपासून कोअरवर मोजला जातो आणि कोअर कमी असले तरी एका सर्व्हरमागे किमान १६ कोअरचं लायसन्स घ्यावं लागतं. ओरॅकलने जानेवारी २०२३मध्ये आणलेल्या जावाच्या सबस्क्रिप्शनमध्ये तर संस्थेतली एकूण माणसंच मोजतात, जावा किती यंत्रांवर बसवलंय याला तिथे अर्थ नाही. हे वाचल्याशिवाय केलेली मोजणी कितीही काटेकोर असली तरी भलत्याच गोष्टीची होते.

प्रत्यक्ष मोजणी एकाच ठिकाणाहून करू नका. अँटीव्हायरसच्या कन्सोलवर किती यंत्रं दिसतात, ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (विंडोजच्या नेटवर्कमधल्या यंत्रांच्या आणि खात्यांच्या नोंदवहीत) किती, नेटवर्क स्कॅनमध्ये किती आणि बिलांवर किती, हे चारही आकडे शेजारी शेजारी मांडा. ते जुळणार नाहीत. म्हणून घाबरून ते जुळवून टाकू नका. खरं काम त्या फरकातच आहे. बिलात आहे पण कुठेच दिसत नाही, ते यंत्र कपाटात पडलंय, हरवलंय किंवा कुणाच्या घरी आहे. नेटवर्कवर दिसतं पण अँटीव्हायरसमध्ये नाही, त्याच्याकडे आजच जा. घरून काम करणाऱ्यांचे लॅपटॉप कार्यालयातल्या स्कॅनला दिसत नाहीत, त्यांच्यावर माहिती पाठवणारा एजंट बसवावा लागतो. क्लाउडमधली सबस्क्रिप्शनं तर लेखा विभागातच सापडतात. कुणी स्वतःच्या कार्डावर पैसे भरून बिल परत मागितलंय का, ते पाहा.

रकाने मोजकेच ठेवा. भरले न जाणारे चाळीस रकाने काही कामाचे नाहीत. यंत्रासाठी सिरियल नंबर, कुणाकडे, कुठे, वॉरंटी कधीपर्यंत आणि सध्याची स्थिती एवढं पुरतं. सॉफ्टवेअरसाठी आवृत्ती, मोजमाप, जबाबदार व्यक्ती आणि तारखा. करार आपोआप नूतन होणारा असेल तर तो संपण्याच्या तारखेइतकीच ‘नको’ कळवायची शेवटची तारीख महत्त्वाची असते, तीही लिहा. निर्मात्याचा आधार (सपोर्ट) कधी संपतो तेही हवं: विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. वेबसाइटची डोमेन नावं आणि टीएलएस प्रमाणपत्रं (वेबसाइटशी सुरक्षित जोडणीसाठी लागणारी) यादीत नसतील तर आत्ताच घाला. प्रमाणपत्राची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६पासून २०० दिवस झाली, आणि १५ मार्च २०२९पासून ती ४७ दिवसांवर येणार आहे. ती डोक्यात ठेवून नूतनीकरण करण्याचे दिवस गेले.

इतकं करूनही यादी खोटी पडते ती वस्तू हात बदलते तेव्हा. म्हणून नवीन माणूस रुजू होणं, विभाग बदलणं, नोकरी सोडणं, यंत्र दुरुस्तीला जाणं आणि भंगारात निघणं या पाच प्रसंगी नोंद कोण करणार हे आधी ठरवा. माझ्या मते महागडं टूल घेण्याआधी एवढं झालंच पाहिजे. नोकरी सोडणाऱ्याचा लॅपटॉप सगळे आठवणीने परत घेतात, पण त्याच्या नावावरची सबस्क्रिप्शनं कुणी काढून घेत नाही आणि त्यांचे पैसे महिनोन् महिने जात राहतात. मनुष्यबळ विभागाच्या ‘ना हरकत’ अर्जावर त्यासाठी एक ओळ वाढवून घ्या.

ऑडिटचं पत्र आधीच आलं असेल तर घाईने सॉफ्टवेअर काढून टाकू नका. आहे त्या स्थितीची नोंद ठेवा, करारातलं ऑडिटचं कलम कायदा सल्लागाराला दाखवा आणि समोरच्याशी एकाच व्यक्तीने बोलावं असं ठरवा.

भंगारात जाणाऱ्या डिस्कचं शेवटचं. एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेल्या, चिपवरच्या डिस्कवर) नुसता नवा मजकूर लिहून जुना पुसला गेला असं धरता येत नाही, कारण डिस्क लिखाण आतल्या आत वेगवेगळ्या जागी फिरवत असते. तिच्यातलीच सुरक्षित पुसण्याची आज्ञा वापरा, नाहीतर डिस्क नष्ट करा. नष्ट करणाऱ्याकडून प्रमाणपत्र घ्या आणि त्यावरचा सिरियल नंबर तुमच्या यादीतल्या नंबराशी ताडून मगच त्या ओळीसमोर ‘निकाली’ लिहा.