मध घेताना आणि ठेवताना काय बघायचं

महाबळेश्वरला मध घेताना सगळे "प्युअर आहे ना?" विचारतात, त्याला नाही कोण म्हणणार! त्यापेक्षा कुठल्या फुलोऱ्याचा, कधी काढलाय ते विचारा. जांभळाचा जरा कडवट लागतो, कारवीचा मिळाला तर सोडू नका, ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. महाबळेश्वरजवळच्या मांघरला (2022 ला "मधाचं गाव" म्हणून जाहीर झालं ते) मधमाश्यांच्या पेट्या बघायला मिळतात.

मधात 80 टक्क्यांच्या आसपास साखरच, फ्रुक्टोज आणि ग्लुकोज, बाकी बहुतेक पाणी. पाणी 20 टक्क्यांच्या वर गेलं की आंबायची भीती, म्हणून पाणी आटल्यावर मधमाश्यांनी मेणानं बंद केलेल्या पोळ्यातल्या घरांतलाच मध काढायचा. बाटली उलटी करून बुडबुडा बघा, पातळ मधात तो पटकन वर पळतो, घट्टात रमतगमत जातो. यावरून फक्त दाटपणा कळतो हां, भेसळ नाही, ती लॅबलाच कळते.

थंडीत खाली रवाळ थर बसला तर फेकू नका, ग्लुकोज जास्त असलेला मध लवकर गोठतो एवढंच. बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर अजिबात नको, एन्झाइम जातात, वासही जातो. फ्रीज नको, झाकण घट्ट, चमचा कोरडा. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नका, आजी कितीही म्हणू दे.