शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं मूल आणि ट्रिपमधलं बाहेरचं जेवण: या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात हायवेवरच्या एका फूड मॉलमध्ये मी काउंटरवरच्या मुलाला तीनदा सांगितलं, दादा फक्त बटर लाव, चटणी नको, मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. त्याने खरंच चटणी लावली नाही. पण ज्या सुरीने आधीच्या सँडविचला हिरवी चटणी लावली होती त्याच सुरीने आमचं बटर लावलं, आणि ती चटणी घट्ट व्हावी म्हणून तिच्यात दाणे वाटलेले होते. दोन घास झाल्यावर लेक म्हणाला, आई जीभ टोचतेय. मग ओठ सुजायला लागले, मानेवर गांधी उठल्या, खोकला सुरू झाला तो थांबेचना आणि टेबलवरच उलटी झाली. अशा वेळी लगेच द्यायचं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन गाडीच्या डिकीत, गाडी पार्किंगच्या पार दुसऱ्या टोकाला, चावी नवऱ्याकडे आणि नवरा वॉशरूमच्या लाइनीत. ती सात-आठ मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. लेक आता बरा आहे, सहा वर्षांचा आहे आणि आम्ही अजूनही फिरायला जातो, पण त्या दिवसापर्यंत आम्ही ज्या चुका करत होतो त्या बाकीच्या आईबाबांनी करू नयेत म्हणून हे सगळं लिहितेय.

"शेंगदाणे नाहीत ना?" असं विचारणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि सगळेच करतात. "नाहीत ना" म्हटलं की समोरचा "नाही नाही" म्हणणारच, त्याला गिऱ्हाईक खूश ठेवायचंय आणि वेटरला तर आत काय शिजतंय ते बऱ्याचदा माहीतच नसतं. कोल्हापूरकडे एका घरगुती खानावळीत मी असंच विचारलं, मावशी भेंडीत दाणे नाहीत ना? त्या म्हणाल्या छे हो, भेंडीत कुठले दाणे. का कोण जाणे पण मी आत येऊन बघू का म्हटलं आणि त्यांनी प्रेमाने बोलावलं पण. गॅसशेजारी स्टीलचा उभा डबा, मावशींनी झाकण काढलं, मूठभर कूट घेतला आणि माझ्यासमोर भेंडीवर भुरभुरवला. मी म्हटलं मावशी हे काय? तर म्हणाल्या, "हा कूट हाय, दाणं न्हाईत." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी दाणे म्हणजे अख्खे दाणे, कूट म्हणजे मिठासारखी रोजची वस्तू, ती कोण मोजतं!

तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारते आणि तो जो माणूस कढईसमोर उभा आहे त्यालाच: "या भाजीत काय काय घालता, तेलापासून सांगा." उत्तर ऐकताना मध्ये बोलायचं नाही. तेल कुठलं, फोडणी, वाटण कशाचं, वरून काय भुरभुरवता, सगळं तो स्वतःच सांगतो आणि "थोडा कूट" हे शब्द आपोआप बाहेर येतात.

आपल्या देशावरच्या जेवणात कूट कुठे कुठे असतो हे एकदा बसून आठवा म्हणजे अंदाज येईल. भरली वांगी, दोडक्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, अळूची पातळ भाजी, ठेचा, वडापावची सुकी लाल चटणी, मिसळीचं फरसाण, पोहे, आणि इडलीडोशाची ती पांढरी चटणी जी आपण खोबऱ्याची समजतो पण खोबरं महाग म्हणून तिच्यात दाणे किंवा डाळं वाटलेलं असतं. पंजाबी ग्रेव्हीत काजू असतो, कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्श्यातही काजू, तीळ, खसखस असतात, म्हणजे ज्यांच्या मुलांना काजू किंवा तीळ चालत नाहीत त्यांनी रंगावर जाऊ नका. आणि मिठाईवर हिरवे काप दिसले की ते पिस्ते असतीलच असं नाही, शेंगदाण्याला हिरवा रंग देऊन पिस्ता म्हणून विकतात आणि असा माल पकडलाही गेलाय.

भाषेचं पण बघा. हॉटेलच्या किचनमध्ये बरेचदा बिहार, ओडिशा, बंगाल, नेपाळकडची मुलं असतात, त्यांना "कूट" म्हणजे काय ते कळत नाही, "मूंगफली" म्हणावं लागतं. बंगाली आणि ओडिया पोरांशी बोलताना अजून जपून, कारण त्यांच्याकडे शेंगदाण्याला चिनाबादाम म्हणतात आणि बोलताना नुसतं बादाम. तो म्हणाला "थोडा बादाम डाला है" तर तो बदामाबद्दलच बोलतोय असं धरून चालू नका, समोर आणून दाखव म्हणा. गुजरातेत शिंग म्हणा.

मी एक चिठ्ठी लॅमिनेट करून ठेवलीय, एका बाजूला मराठी, मागे हिंदी. त्यात लिहिलंय: "माझ्या मुलाला शेंगदाणे अजिबात चालत नाहीत. कूट, चटणी, घाण्याचं शेंगतेल, दाणे तळलेलं तेल, काहीच नाही. थोडंसं पोटात गेलं तरी श्वास अडकतो आणि दवाखान्यात न्यावं लागतं. याचं जेवण धुतलेल्या कढईत, धुतलेल्या चमच्याने करा." अ‍ॅलर्जी हा शब्द एकटा पुरत नाही हो, लोकांना वाटतं खाज सुटेल किंवा पोराला आवडत नसेल. श्वास अडकतो म्हटलं की चेहरे बदलतात.

ताटातलं बघितलं पण कढईतलं नाही

साबुदाणा वडा ज्या तेलात तळतात त्याच तेलात बटाटेवडा आणि भजी पडतात. वडापावात चटणी नको म्हणून काही फायदा नाही, तेलच दाण्यांमधून गेलंय. तसंच तवा, मिक्सरचं भांडं, आइस्क्रीमचा स्कूप (सगळ्या फ्लेवरच्या डब्यात फिरत असतो, मधल्या पाण्याच्या मगात नुसता बुडवतात), ज्यूस सेंटरचा मिक्सर ज्यात आत्ताच ड्रायफ्रूट शेक झालाय.

शेंगतेलाचं सारखं विचारतात म्हणून सांगते. रिफाइंड तेलातून प्रोटीन जवळपास निघून गेलेलं असतं, लाकडी घाण्याच्या तेलात ते राहतं, आणि हल्ली तर "आमच्याकडे घाण्याचं तेल" असे बोर्ड कौतुकाने लावतात. असा बोर्ड दिसला की आम्ही गाडी पुढे घेतो. रिफाइंड चालेल का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, स्वतः ठरवू नका.

हॉटेलच्या बुफेत पोह्यांचा चमचा उपम्यात आणि उपम्याचा इडलीत, हे पाच मिनिटं उभं राहिलं तरी दिसतं. बुफे असेल तर मी आदल्या रात्रीच शेफला भेटून सांगते की सकाळी याचं ताट आतूनच काढून द्या. बहुतेक जण आनंदाने देतात, आणि नाही म्हणाले तर उकडलेली अंडी टरफलासकट आणि केळी, झाला नाश्ता.

टेबल आणि मुलाचे हात सॅनिटायझरने पुसणं ही पण चूकच आहे बरं का. सॅनिटायझर जंतू मारतं, शेंगदाण्याचं प्रोटीन तिथेच राहतं. साबण-पाणी नाहीतर वेट वाइप्स.

शाकाहारी आहे, उपवासाचं आहे, पाकिटातलं आहे म्हणजे ठीकच आहे

उपवासाची थाळी म्हणजे आमच्यासाठी सगळ्यात धोक्याचं ताट. खिचडीत कूट, दाण्याची आमटी, बटाट्याच्या भाजीत कूट, शेवटी लाडू पण दाण्याचा. आषाढी, महाशिवरात्र, नवरात्रात प्रवास असेल तर हॉटेलची पूर्ण कढई-तेल त्याच कामाला लागलेलं असतं, त्या दिवसांत बाहेर जेवायचंच नाही असा आमचा नियम आहे. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी हिरव्या ठिपक्यावर भरवसा ठेवू नका, शाकाहारीत दूध-तूप सगळं येतं.

पाकिटांचं जरा बरं आहे. एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) 2020च्या लेबलिंग नियमांप्रमाणे शेंगदाणे आणि सुकामेवा, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्याचा गट, सोयाबीन, ग्लुटेनवाली धान्यं आणि सल्फाइट हे अ‍ॅलर्जन (अ‍ॅलर्जी आणणारे घटक) म्हणून वेगळे लिहावे लागतात. पण त्या यादीत तीळ नाहीत! तिळाची अ‍ॅलर्जी असेल तर खालची अ‍ॅलर्जनची ओळ वाचून थांबू नका, पूर्ण घटक वाचा, आणि गोडा मसाला असेल तिथे तीळ असतात हे लक्षात ठेवा. 10 किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेल-चेनकडे मेन्यूची अ‍ॅलर्जनची माहिती असायला हवी, ती मागा, वेटरला माहीत नसेल तर मॅनेजरला. घाटातली सुटी चिक्की, फुटाणे, सुटं फरसाण यांच्यावर काहीच लिहिलेलं नसतं आणि सगळं एकाच पत्र्याच्या डावाने भरतात.

इंजेक्शन रूमवर, आणि आधी अ‍ॅलर्जीची गोळी

हे कृपया नीट वाचा. खोकला, घरघर, आवाज बसणं, सारख्या उलट्या, मूल एकदम ढेपाळणं, किंवा अंगावर गांधी आणि सोबत यातलं काहीही, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस (जीवघेणी, झपाट्याने वाढणारी अ‍ॅलर्जी) समजायचं आणि त्यावर पहिलं औषध अ‍ॅड्रेनलिनच. सेट्रिझिनसारखं औषध खाज कमी करतं, बंद होणारा श्वास ते उघडत नाही. "आधी सिरप देऊ, अर्धा तास बघू" यात जो वेळ जातो तोच जीवावर बेततो. आम्हीही त्या दिवशी आधी सिरपच पाजलं होतं, गाडीकडे धावायच्या आधी. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ते ऐकलं आणि मला बाजूला घेऊन समजावलं की ताई, पुढच्या वेळी हातात आधी इंजेक्शन आलं पाहिजे.

परदेशात पेनसारखं ऑटो-इंजेक्टर मिळतं, आपल्याकडे ते मेडिकलमध्ये सहज मिळत नाही म्हणून बरेच डॉक्टर अ‍ॅड्रेनलिनची काचेची अँप्यूल आणि सिरिंज देतात. डोस मुलाच्या वजनावर असतो त्यामुळे तो तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या, आणि सिरिंजवर कुठपर्यंत भरायचं त्या रेघेवर मार्करने खूण करून घ्या, कारण त्या क्षणी हात थरथरत असतात आणि बारीक आकडे दिसत नाहीत. दर ट्रिपच्या आधी मी आणि नवरा साध्या पाण्याने भरायची प्रॅक्टिस करतो, सुई टोचायची संत्र्यात. इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मुलाला आडवं ठेवायचं, पाय थोडे वर, श्वासाला त्रास असेल तर टेकून बसवायचं, पण उभं करायचं नाही, चालवायचं तर अजिबात नाही. 108ला फोन, महाराष्ट्रात आणि गोव्यात हाच नंबर. 5 ते 15 मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस लागू शकतो म्हणून दोन घेऊनच निघायचं. आणि मूल हसायला लागलं तरी दवाखान्यात जायचंच, काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

ठेवायचं कुठे? अंगावर. आमच्याकडे लाल रंगाचा कमरेचा पाउच आहे, ज्याच्याकडे लेक त्याच्याकडे पाउच, लेक बाबाबरोबर समुद्रावर गेला तर पाउच पण समुद्रावर. मे महिन्यात बंद गाडीत औषध शिजतं, डॅशबोर्ड-डिकी कुठेच नको, बर्फाला चिकटून पण नको. अँप्यूलमधलं पाणी पिवळट-तपकिरी दिसलं तर बदला, तारीख बघा.

बुकिंग करताना जवळचं चोवीस तास सुरू असलेलं हॉस्पिटल किती लांब आहे ते पण आम्ही बघतो, कारण घाटात रात्री वीस किलोमीटरला तासही लागतो.

ट्रिपमधल्या आपल्याच माणसांना न सांगणं

बारा जणांच्या ग्रुपमध्ये मावशी, आत्या, मामा प्रेमाने काहीतरी भरवणारच. आमच्या आत्यांनी एकदा म्हटलंही होतं, अगं रोज थोडं थोडं दे म्हणजे सवय होऊन जाईल. असं थोडं थोडं देऊन उपचार करतात हे खरं आहे, पण ते अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मिलिग्रॅममध्ये मोजून, गाडीत बसून चिक्कीच्या तुकड्याने नाही. आता निघायच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांना त्या फूड मॉलमधला सुजलेल्या ओठांचा फोटो दाखवते आणि इंजेक्शन कुठे आहे ते पण. आत्या आता स्वतःच सगळ्यांच्या पिशव्यांमधून दाण्याचे लाडू बाहेर काढतात. देवळातला प्रसाद लेक दोन्ही हातांनी घेतो, कपाळाला लावतो आणि माझ्या वेगळ्या डबीत ठेवतो, आणि मी लगेच त्याचे हात पुसते. हे त्यालाच शिकवलंय, आणि "आईला विचारून" हे वाक्य तो अनोळखी माणसालाही न लाजता म्हणतो.

परदेशात जाणार असाल तर थोडक्यात. युरोपात आणि ब्रिटनमध्ये 14 अ‍ॅलर्जनची माहिती हॉटेलला द्यावीच लागते, त्यात तीळही आहेत. ब्रिटनमध्ये 2016 साली 15 वर्षांची एक मुलगी पाकिटावर न लिहिलेल्या तिळांमुळे गेली, आणि तिच्या नावाने नताशाज लॉ ऑक्टोबर 2021पासून लागू झाला. थायलंडला मात्र पॅड थाय, साते सगळीकडे दाणे, तिथे चिठ्ठी थाई भाषेतच लिहून न्या.

बाकी राहायला कुठे जावं असं कोणी विचारलं तर मी कोकण सांगते. तिथलं जेवण नारळावर चालतं, कुटावर नाही, आणि होमस्टेमध्ये बाई स्वतःच रांधते म्हणून सरळ तिच्याशी बोलता येतं (काजूची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र उलटं, काजू कोकणात-गोव्यात घराघरात). फोन दुपारी साडेतीन-चारला करावा, जेवणाची गर्दी संपलेली असते, माणूस नीट ऐकतो. मालवणजवळच्या आमच्या काकूंना मी असंच आधी सांगितलं होतं आणि सोबत आमचा छोटा बिडाचा तवा नेला होता. सकाळी उठून बघते तर त्यांनी आमचा तवा तर घेतलाच, पण वाटी, पळी, उलथणं सगळं साबणाने घासून वेगळ्या ताटात मांडून ठेवलेलं. पीठ कालवलं आणि म्हणाल्या, पयला घावन ह्येचा, मगे तुमचा.