आपले फीड आपणच कसे तपासावे

समाजमाध्यमावर काय दिसते, हे आपण कोणाला फॉलो करतो यापेक्षा कशावर थबकतो यावरून अधिक ठरते. तरुण वापरकर्त्यांच्या हे सहसा उशिरा लक्षात येते, म्हणून सुरुवात साध्या मोजणीने करावी. फीड उघडून पहिल्या वीस पोस्ट ओळीने पाहाव्यात आणि प्रत्येकीसाठी कागदावर दोनच नोंदी कराव्यात: ती आपण निवडलेल्या खात्यावरची आहे की सुचवलेली, आणि ती वाचून चीड आली का. सुचवलेल्या आणि चीड आणणाऱ्या पोस्ट एकाच विषयाभोवती घोटाळत असतील, तर तो विषय बहुधा आपणच नकळत मागवलेला असतो.

चिडीची नोंद मुद्दाम करायची, कारण पोस्टचा क्रम लावणारी यंत्रणा मुख्यतः प्रतिसाद मोजते, मग तो कौतुकाचा असो वा संतापाचा. फेसबुकने तर २०१७ पासून काही काळ संतापाच्या इमोजीला लाइकच्या पाचपट वजन दिले होते. २०२० मध्ये ते शून्यावर आणले. चिथावणीखोर पोस्टखाली आपण तावातावाने लिहिलेली कमेंटसुद्धा त्या पोस्टला आणखी लोकांपुढे नेऊ शकते. खंडन करायचेच असेल तर मूळ पोस्ट शेअर न करता आपला मुद्दा स्वतंत्रपणे मांडावा. बोटे शिवशिवतात, हे मान्य.

सेटिंग्जचे काम थोडक्यात उरकते. इन्स्टाग्रामवर ‘फॉलोइंग’ निवडल्यास पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसतात. यूट्यूबवर वॉच हिस्टरी पुसून बंद केली की होम पानावरच्या शिफारशी जवळजवळ नाहीशा होतात. मात्र एवढ्याने मतांची धार बोथट होत नाही. अमेरिकेत २०२० च्या निवडणुकीच्या सुमारास फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या काही वापरकर्त्यांना तीन महिने वेळेच्या क्रमाने फीड दाखवले, तेव्हा त्यांचा तेथील वावर घटला, पण ध्रुवीकरणात लक्षणीय फरक पडला नाही.

विरुद्ध मताची खाती फॉलो करण्याचा सल्लाही सरसकट उपयोगी नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, महिनाभर ट्विटरवर विरुद्ध बाजूचे संदेश वाचलेले रिपब्लिकन समर्थक आपल्या मतांकडे अधिकच झुकले. त्यापेक्षा ओळखीतला, वेगळे मत असलेला एक माणूस निवडून त्याला खासगी संदेशात त्याचे कारण विचारावे. उत्तर आल्यावर प्रतिवाद न करता त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत लिहून पाठवावे आणि “मला बरोबर कळले का?” एवढेच विचारावे. पंधरा दिवसांनी वीस पोस्टची मोजणी पुन्हा करावी, आणि तेव्हा जुना कागद शेजारी ठेवावा.