जांभळाचं रोप पुष्यात हलवायचं तर मृगापासूनची तयारी

आधी रोप कुठून उचलायचं ते ठरवा. आपल्या बांधावरचं किंवा ओहोळाकाठच्या म्हाताऱ्या जांभळीखाली दाटीनं उगवलेलं असेल तर उत्तम. वनखात्याच्या हद्दीतलं मात्र परवानगीशिवाय काढू नका, मग ते करंगळीएवढं का असेना. जांभळाच्या एका बीतून बऱ्याचदा दोन-तीन कोंब येतात, त्यामुळे झाडाखाली रोपांना तोटा नसतो. गुडघ्याएवढं, सरळ आणि वीतभर तरी सुटं उभं असलेलं निवडा. पुरुषभर उंचीचं झाड बघून मोह होतो, मलाही झाला होता. त्याचं सोटमूळ अर्ध्यातच तुटलं आणि आठ दिवसांत झाडानं मान टाकली.

साग उन्हाळ्यात पानं टाकून निजतो, जांभूळ-करंजाचं तसं नाही. मुळं तुटली तरी पानांतून पाणी उडतच राहतं. सगळी धडपड या तहानेसाठी. म्हणून रोप कंबरेएवढं असेल तर मृग लागला, म्हणजे 7-8 जूनच्या सुमारास, की बुंध्यापासून वीतभर अंतरावर धारदार कुदळीनं अर्ध वर्तुळ खोल कापून ठेवा. पावसानं ओढ दिली तर तिथं पाणी घाला. 20 जुलैच्या आसपास पुष्य लागेपर्यंत कापल्या बाजूला पांढरी केसमुळं फुटलेली असतात. उरलेली बाजू मग उचलतानाच कापायची. गुडघ्याएवढ्याला हा खटाटोप नको, ते आर्द्रात, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात, मातीच्या गोळ्यासकट थेट निघतं.

खड्डे मे महिन्यातच घ्या, दीड-दोन फुटांचे. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या. काळ्या रानात पाऊस पडल्यावर खड्डा घेतला तर भिंती घोटल्यासारख्या गुळगुळीत होतात, पाणी तुंबतं आणि मुळं आतल्या आत गोल फिरतात. तसं झालंच तर पहारेनं भिंतींना ओरखडे काढा. इगतपुरी-त्र्यंबकसारख्या धो धो पावसाच्या भागात रोप थोडं उंचवट्यावर बसवायचं, सिन्नर-येवल्यासारख्या कमी पावसाच्या भागात खोलगट आळ्यात. शेणखत कुजलेलंच हवं, तेही मातीत मिसळून.

गोणपाट, सुतळी, घमेली आदल्या दिवशी बांधावर नेऊन ठेवा. गोणपाट तागाचं घ्या, खताची प्लॅस्टिकची गोणी मातीत कुजत नाही. छाटणीची कात्री द्राक्षवाल्याकडून मागून आणली तरी चालते. फूटभर रुंद, फूटभर खोल गोळा 30 किलोच्या पुढे भरतो, तेव्हा दुसरा माणूस सांगून ठेवा. मुरमाड जागा असेल तर आदल्या संध्याकाळी दोन बादल्या पाणी ओता, नाहीतर गोळा हातात येईपर्यंत भुगा होतो.

उचलण्याआधी बुंध्यावर मातीची रेघ कुठवर आहे तिथं सुतळी बांधा. नव्या जागी तेवढंच खोल लावायचं, बोटभरही जास्त नको. ढगाळ दिवस बघा, नाहीतर संध्याकाळ. निम्मी पानं कात्रीनं अर्धी कापून टाका, शेंडा मोडू नका. उघडीप मिळाली तर उन्हाच्या बाजूनं हिरवी नेट दोन बांबूंवर ताणायची, तीही घरून निघतानाच बरोबर घ्या. बोरीच्या काट्या तोडून ठेवल्यात ना? शेळ्या लागवडीच्या दुसऱ्या दिवसाचीसुद्धा वाट बघत नाहीत. ऑक्टोबरच्या उन्हासाठी बुडाला भोक पाडून चिंधीची वात घातलेलं जुनं मडकं आळ्याशेजारी पुरा, आणि दिवाळी झाली की भोवतालचं दोन-दोन हात गवत कापून घ्या. शेजारचा बांध पेटवताना वारा कुठं जाईल हे कुणी बघत नाही.